बॅडलँड्सला जायचंय? आधी नकाशा नीट वाचूया

आजचा भाग म्हटलं तर ट्रिपच्या तयारीचा आहे, म्हटलं तर इतिहासाचा. कानात इयरफोन असतील तर राहू द्या, पण जमलं तर दुसऱ्या टॅबमध्ये एक नकाशा उघडा. अमेरिका, साउथ डकोटा राज्य, बॅडलँड्स नॅशनल पार्क.

अमेरिकेतली मराठी मंडळी साउथ डकोटाला जातात ती बहुतेक माउंट रशमोरसाठी. डोंगरात कोरलेले चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे बघायचे, फोटो काढायचे, आणि मग आय-९० वरून पूर्वेकडे निघालं की तासा-सव्वा तासात बॅडलँड्सचा बोर्ड दिसतो. "आलोच आहोत तर बघून घेऊ" म्हणून गाडी आत वळते. दोन तास, पाच-सहा व्ह्यू पॉइंट, परत हायवे. माझं स्पष्ट मत आहे की रशमोरला दोन तास द्या आणि बॅडलँड्सला दोन दिवस.

आता नकाशा बघा. पार्कचे तुकडे आहेत. वरचा तो नॉर्थ युनिट: रस्ता, ट्रेल, व्हिजिटर सेंटर, कॅम्पिंग, सगळं तिथे. खालचा साउथ युनिट आकाराने पार्कच्या अर्ध्याहून मोठा, पण जवळजवळ कोरा. एकही आखलेला ट्रेल नाही. नॉर्थ युनिटमध्येही बायसन दिसतात ते पश्चिमेकडच्या भागातच, पूर्वेकडे नाहीत. असं का? आपण ट्रिप आखताना जे साधे प्रश्न विचारतो, कुठे चालायचं, प्राणी कुठे दिसतील, कुठे जाऊ नये, त्यांची उत्तरं इथे भूगोलापेक्षा इतिहासात जास्त सापडतात.

सुरुवात नावापासून. इथले मूळ रहिवासी लाकोटा लोक. त्यांनी या जागेला 'माको सिचा' म्हटलं. माको म्हणजे जमीन, सिचा म्हणजे वाईट. फर विकत घ्यायला आलेल्या फ्रेंच व्यापाऱ्यांनीही आपल्या भाषेत तेच म्हटलं: ओलांडायला वाईट जमीन. दोन भाषांमधल्या लोकांचं एखाद्या जागेबद्दल इतकं एकमत क्वचितच होतं. इंग्रजीत त्याचं 'बॅडलँड्स' झालं आणि पुढे हा शब्द भूगोलाच्या पुस्तकात जातिवाचक नाम होऊन बसला. मराठी पुस्तकांत त्याला 'उत्खातभूमी' म्हणतात. चंबळच्या घळी शाळेत शिकलो होतो ना, त्याच जातीचं भूरूप.

घडलं कसं? साधारण साडेसात कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. तळाला काळा चिखल साचला, त्याचा खडक झाला. मग समुद्र हटला, जमीन दमट आणि हिरवी झाली, पुढे कोरडी होत गवताळ झाली. प्रत्येक काळात नद्यांनी गाळ आणला, पश्चिमेकडच्या ज्वालामुखींची राख येऊन बसली, थरावर थर चढत गेले. शेवटचे थर साधारण २ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचे. मग सुमारे ५ लाख वर्षांपूर्वी नद्यांनी हे सगळं उलट कापायला सुरुवात केली. आज जे लालसर, पिवळे, राखाडी पट्टे दिसतात ते म्हणजे मधून कापलेला केक. आणि कापणं चालूच आहे: सरासरी वर्षाला एक इंच. खडकांच्या हिशोबात हा वेग म्हणजे धावपळच. तज्ज्ञांचा अंदाज असा की आणखी ५ लाख वर्षांत हे सुळके शिल्लक राहणार नाहीत. तुमच्या ट्रिपला तोवर वेळ आहे.

या झिजण्याचा एक फायदा असा की जमीन सारखी जीवाश्म बाहेर टाकत असते. लाकोटा लोकांना ही दगडी हाडं, कासवांच्या दगडी पाठी आधीपासून माहीत होत्या. १८४० च्या दशकात सेंट लुईसच्या हायरम प्राउट नावाच्या डॉक्टरांच्या हाती एका अवाढव्य जबड्याचा तुकडा आला आणि त्यांनी त्यावर लिहिलं. मग फिलाडेल्फियाचे जोसेफ लायडी यांनी इथून येणारी हाडं वर्षानुवर्षं अभ्यासली. शिंगं नसलेले गेंडे, छोटे तीन बोटांचे घोडे, उंटांचे पूर्वज, तलवारदाती मांजरं. डायनासोर मात्र शोधू नका. इथले प्रसिद्ध थर डायनासोर संपल्यानंतरचे आहेत. हा काळ सस्तन प्राण्यांचा.

यातली माझी आवडती गोष्ट १९९३ ची. दोन पर्यटकांना कोनाटा पिकनिक एरियाजवळ जमिनीतून वर आलेलं पाठीच्या कण्याचं मोठं हाड दिसलं. त्यांनी ते उचललं नाही, पार्कला कळवलं. चार दिवसांत खोदकाम आटपेल असं वाटलं होतं. ते चाललं २००८ पर्यंत! एका आटत गेलेल्या पाणवठ्याच्या चिखलात रुतून मेलेल्या प्राण्यांचा अख्खा थर खाली होता. पहिल्या हाडावरून डुकरासारख्या प्राण्याचा अंदाज बांधला गेला, म्हणून जागेचं नाव पडलं 'बिग पिग डिग'. नंतर कळलं की ते हाड बिनशिंगी गेंड्याचं. नाव तेच राहिलं. पुढे २०१० मध्ये सात वर्षांच्या एका मुलीला व्हिजिटर सेंटरजवळच तलवारदाती मांजराची कवटी दिसली, आणि तिनेही रेंजरना सांगितलं. म्हणून ट्रेलवर हाड दिसलं तर हात लावू नका. फोटो घ्या, जागा नीट लक्षात ठेवा, रेंजरना सांगा. उचलणं गुन्हा तर आहेच, शिवाय हाड जागेवरून हललं की ते कोणत्या थरातलं, म्हणजे किती जुनं, ही माहितीच जाते.

आता चालण्याचं बघू. नॉर्थ युनिटच्या पूर्व टोकाला एकच मोठं पार्किंग आहे, तिथून तीन ट्रेल निघतात. विंडो ट्रेल जेमतेम चारशे मीटर, आजी-आजोबांनाही जमेल. डोअर ट्रेल जाऊन-येऊन सव्वा किलोमीटर. भिंतीतल्या फटीतून पलीकडे गेलं की चंद्रावर आल्यासारखं वाटतं. आणि नॉच ट्रेल, अडीच किलोमीटरच्या आत, पण त्यात लाकडाच्या ओंडक्यांची, तारेने बांधलेली शिडी आहे. सह्याद्रीत शिड्या चढलेल्यांना ती किरकोळ वाटेल, पण उंचीची भीती असणाऱ्यांनी उतरतानाचा विचार आधी करावा. दिवसभर चालायचं असेल तर कॅसल ट्रेल, जाऊन-येऊन सोळा किलोमीटर, बराचसा सपाट, गवत आणि सुळके यांच्यामधून. चढ हवा असेल तर सॅडल पास: अंतर अगदी कमी, पण सरळ भिंतीवर.

अमेरिकेतल्या बऱ्याच पार्कांत ट्रेल सोडून एक पाऊल टाकलं तरी पाट्या ओरडतात. इथे उलट. इथे कुठेही चालायला मुभा आहे, ट्रेलबाहेरसुद्धा. पण ही मुभा स्वस्त नाही. माती ओली झाली की साबण होते. बुटाला किलो-किलोचे गोळे चिकटतात आणि उतारावर पाय ठरत नाही. पाऊस पडला असेल तर त्या दिवशी सॅडल पास आणि नॉच दोन्ही विसरा. आणि पाणी. ट्रेलवर पाणी नाही. ओढ्यात दिसतं ते इतकं गढूळ असतं की फिल्टर तुंबतो. दोन तासांच्या चालीला माणशी दोन लिटर हा पार्कचा हिशोब आहे. जुलैत पारा चाळीशीला टेकतो, सावली शून्य. वर रॅटलस्नेक आहेत: हात कुठे टाकतोय, पाय कुठे पडतोय, हे बघून. मे, जूनची सुरुवात किंवा सप्टेंबर हे उत्तम दिवस.

चालून दमलात की गाडीत बसा आणि लूप रोडने पश्चिमेकडे निघा. डावीकडे-उजवीकडे जी सलग कड्यांची ओळ दिसते तिला 'द वॉल' म्हणतात, भिंत. जवळपास शंभर किलोमीटर लांब. हायवेजवळच्या वॉल गावाचं नाव त्यावरून. (तिथलं वॉल ड्रग हे दुकान १९३० च्या दशकात वाटसरूंना फुकट बर्फाचं पाणी देऊन प्रसिद्ध झालं. आजही देतात. थांबा, पण अर्ध्या तासाच्या वर नको.) या भिंतीवर एक पॉइंट आहे: बिग फूट पास. बहुतेक गाड्या तिथे दोन मिनिटं थांबतात. तुम्ही जरा जास्त थांबा.

बिग फूट हे गोऱ्या सैनिकांनी ठेवलेलं नाव. त्या माणसाचं नाव होतं स्पॉटेड एल्क, लाकोटांच्या मिनिकाँजू गटाचा प्रमुख. साल १८९०. त्याआधीची वीस-बावीस वर्षं थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. १८६८ च्या लारामी करारात अमेरिकी सरकारने लाकोटांना मिझुरी नदीच्या पश्चिमेचा मोठा प्रदेश, ब्लॅक हिल्ससकट, कायमचा म्हणून दिला. १८७४ मध्ये ब्लॅक हिल्समध्ये सोनं सापडलं. १८७७ मध्ये ब्लॅक हिल्स काढून घेतले. दरम्यान ज्या बायसनवर लाकोटांचं खाणं, तंबू, कपडे सगळं उभं होतं, ते कातडीसाठी कोट्यवधींनी मारले गेले. १८८९ मध्ये उरलेल्या राखीव प्रदेशाचेही तुकडे केले आणि मधली जमीन वसाहतीला खुली केली. उपासमार सुरू झाली. अशा वेळी नेवाडातल्या वोवोका नावाच्या पायूट माणसाचा संदेश पसरला: नाचा, प्रार्थना करा, मेलेले आप्त परत येतील, बायसन परत येतील. याला गोऱ्यांनी नाव दिलं 'घोस्ट डान्स', आणि त्यांना त्यात बंड दिसलं. हजारो सैनिक आले. १५ डिसेंबर १८९० ला सिटिंग बुल यांना अटक करताना ठार मारलं.

स्पॉटेड एल्क आपल्या साडेतीनशेएक लोकांना घेऊन दक्षिणेला, पाइन रिजकडे निघाला. तिथल्या प्रमुखांनी त्याला समेटासाठी बोलावलं होतं. डिसेंबरची थंडी, त्यात त्याला न्यूमोनिया. २४ डिसेंबरला त्यांनी ही भिंत उतरली, या पासच्या आसपास. गाड्या उतरवण्यासाठी कड्याची माती खणून वाट करावी लागली. त्या गाड्यांमध्ये म्हातारी माणसं होती, लहान मुलं होती, आणि एका गाडीत आजारी प्रमुख. तुम्ही पॉइंटवर उभे राहाल तेव्हा त्या उताराकडे बघा आणि बर्फात तिथून घोडागाडी उतरवायची कल्पना करा.

चार दिवसांनी सैन्याने त्यांना गाठलं. २९ डिसेंबरला वुंडेड नी ओढ्याकाठी हत्यारं काढून घेताना एक गोळी सुटली आणि सैन्याने बंदुका आणि टेकाडावर मांडलेल्या तोफा चालवल्या. किमान अडीचशे माणसं मेली, त्यात बायका आणि मुलं खूप. रेजिमेंट होती सेव्हन्थ कॅव्हलरी, तीच जी १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत लाकोटांकडून हरली होती. अमेरिकी काँग्रेसने या हत्याकांडाबद्दल 'तीव्र खेद' व्यक्त करायला १९९० साल उजाडलं.

या गाड्यांबरोबर एक तिशीतला माणूस होता. त्याचं लाकोटा नाव वासू माझा. मराठीत लिहिलं की एकदम घरातलं वाटतं, पण अर्थ आहे 'लोखंडी गारा'. 'माझा' म्हणजे लोखंड. नंतर तो ड्युई बियर्ड या नावाने ओळखला गेला. किशोरवयात तो लिटल बिगहॉर्नला लढला होता. वुंडेड नीला त्याला गोळ्या लागल्या, तो वाचला. आईवडील, बायको, तान्हं मूल गेलं. हे नाव लक्षात ठेवा. नकाशाच्या खालच्या कोऱ्या तुकड्यात तो आपल्याला परत भेटणार आहे.

भिंतीच्या वरच्या भागात पुढे काय झालं ते पटकन. जमीन फुकट मिळते म्हणून शेतकरी आले. १९०७ च्या सुमारास रेल्वे आली. पाऊस बेताचा, माती अशी; १९३० च्या दशकातल्या दुष्काळाने बहुतेकांचं कंबरडं मोडलं आणि सरकारने कित्येकांच्या जमिनी परत विकत घेतल्या. पीटर नॉरबेक नावाचे सिनेटर इथे पार्क व्हावं म्हणून १९२० च्या दशकापासून मागे लागले होते. १९२९ मध्ये काँग्रेसने मंजुरी दिली, १९३९ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी 'राष्ट्रीय स्मारक' जाहीर केलं, १९७८ मध्ये 'नॅशनल पार्क' हा दर्जा मिळाला. आपण ज्या गवतातून चालतो त्यातलं काही एकेकाळी नांगरलेलं शेत होतं.

आणि प्राणी? वन्यजीव बघायला जाणाऱ्यांना वाटतं की हे सगळं पहिल्यापासून इथेच आहे. नाही. बरेच प्राणी परत आणलेले आहेत.

बायसनपासून सुरू करू. आधी एक खुलासा: दाजीपूर-राधानगरीला ज्याला आपण 'बायसन' म्हणतो तो गवा. हा तो नव्हे. हा अमेरिकेतला, पुढे केसाळ, मागे बारीक, खांद्यावर मोठं वशिंड. १८०० च्या सुरुवातीला कोट्यवधी होते, शतक संपेपर्यंत काही शेकडे उरले. बॅडलँड्समध्ये तर एकही नव्हता. १९६३ मध्ये दुसऱ्या ठिकाणांहून आणून ते इथे सोडले. आज हजाराच्या वर आहेत. त्यांच्यासाठी कुंपण घातलेला प्रदेश पश्चिमेकडे सेज क्रीकच्या बाजूला आहे, म्हणून पूर्वेकडच्या ट्रेलवर तुम्हाला ते दिसत नाहीत. २०१९ मध्ये हा प्रदेश आणखी २२ हजार एकरांनी वाढवला. कळप फार वाढला की दर थोड्या वर्षांनी काही जनावरं पकडून आदिवासी जमातींच्या कळपांसाठी देतात. घोस्ट डान्सवाल्यांनी ज्यांच्या परतण्यासाठी प्रार्थना केली होती, ते असे ट्रकमधून परत गेले.

तर प्लॅन असा: पहाटे किंवा संध्याकाळी सेज क्रीक रिम रोड. रस्ता खडीचा, साधी कार चालते, पाऊस नसेल तर. एप्रिल-मेमध्ये जन्मलेली नारिंगी रंगाची पिल्लं मे-जूनमध्ये दिसतील. अंतर किमान नव्वद मीटर ठेवा. बायसन संथ दिसतो म्हणून फसू नका. तो तुमच्यापेक्षा कितीतरी जोरात पळतो. फोटोसाठी गाडीतून उतरून जवळ जाणारे दरवर्षी कुठल्यातरी पार्कात शिंगावर घेतले जातात. त्यात आपला नंबर नको.

बिगहॉर्न, म्हणजे जाड वळलेल्या शिंगांच्या रानमेंढ्या. इथली मूळ जात शिकारीत १९२० च्या दशकापर्यंत संपली. १९६४ मध्ये कोलोरॅडोतून काही आणल्या. आज त्या कड्यांवर अशा चढतात की जणू कधी गेल्याच नव्हत्या. पिनॅकल्स ओव्हरलूकच्या आसपास नजर ठेवा.

याच सेज क्रीक रस्त्यावर रॉबर्ट्स प्रेअरी डॉग टाउन आहे. नावात 'डॉग' असलं तरी हा कुत्रा नाही, खारीच्या कुळातला, बिळात राहणारा. मागच्या पायांवर उभा राहून ओरडतो, सगळी वस्ती त्याला उत्तर देते. मुलं तासभर हलणार नाहीत. पण शेतकऱ्यांच्या लेखी हा गवत खाणारा उपद्रव. विसाव्या शतकात याला प्रचंड प्रमाणात विष घातलं गेलं, आणि याच्याबरोबर मारला गेला तो काळ्या पायांचा फेरेट, मुंगसासारखा लांबट, पाणमांजराच्या कुळातला प्राणी. तो राहतो प्रेअरी डॉगच्या बिळात आणि खातो प्रेअरी डॉगच. एक गेला की दुसरा गेलाच. १९७९ पर्यंत तो नामशेष झाला असंच धरलं गेलं होतं. १९८१ मध्ये वायोमिंगमधल्या एका रँचवर पाळीव कुत्र्याने घरी एक मेलेला प्राणी आणला, आणि तो निघाला फेरेट! आसपास छोटी वस्ती सापडली. तिच्यातही रोग पसरला. शेवटी उरलेले अठरा पकडून पिंजऱ्यात वाढवले. १९९४ मध्ये त्यांच्या वंशजांना बॅडलँड्समध्ये सोडलं. २००८ मध्ये शेजारच्या कोनाटा खोऱ्यात पिसवांमधून प्लेग आला, प्रेअरी डॉग पटापट मेले, आणि तेव्हापासून बिळांमध्ये कीटकनाशक भुकटी टाकणं आणि फेरेटना लस टोचणं हे काम चालू आहे. म्हणून प्रेअरी डॉगला शेंगदाणे देऊ नका, बिळाजवळ हात घालू नका, आणि कुत्रा बरोबर असेल तर त्याला तिथे नेऊच नका. फेरेट तुम्हाला दिसेल का? बहुधा नाही, तो रात्रीचा प्राणी. पण तो पायाखाली कुठेतरी झोपलेला आहे.

आता नकाशाचा खालचा तुकडा.

१९४२. अमेरिका महायुद्धात उतरली आहे, वैमानिकांना सरावासाठी रिकामी जमीन हवी आहे. युद्धखात्याने पाइन रिज राखीव प्रदेशातली सुमारे ३ लाख ४१ हजार एकर जमीन घेतली. शेजारच्या राष्ट्रीय स्मारकाची घेतली ३३७ एकर. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. 'रिकाम्या' जमिनीवर १२५ कुटुंबं राहत होती. त्यांना फारच थोड्या मुदतीत घरं सोडायला लावली. कुणाची गुरं, कुणाची शेती, कुणाचं नुकतंच बांधलेलं घर. काहींची मुलं त्याच वेळी अमेरिकी सैन्यात लढत होती.

त्या कुटुंबांपैकी एक ड्युई बियर्डचं. वुंडेड नीनंतर तो पाइन रिजमध्ये स्थिरावला, पुन्हा संसार केला. १९०७ मध्ये त्याच्या नावावर नऊशेएक एकर जमीन झाली, तिथे तो घोडे वाढवायचा. ऐंशी पार केलेल्या माणसाला दुसऱ्यांदा सरकारने उठवलं. मिळालेल्या पैशांत दुसरी जमीन येण्यासारखी नव्हती. १९५५ मध्ये, वयाच्या सत्याण्णवाव्या वर्षी, तो वॉशिंग्टनला जाऊन काँग्रेसच्या समितीसमोर बोलला: भरपाई मिळत होती तीही तुटपुंजी, हप्त्या-हप्त्याने, आणि वर्षं निघून गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो वारला. लिटल बिगहॉर्नला लढलेल्यांपैकी तो शेवटच्या काहींत होता.

त्या जमिनीवर काय केलं? जुन्या मोटारींचे सांगाडे पिवळे रंगवून लक्ष्य म्हणून ठेवले. जमिनीवर मोठाली वर्तुळं नांगरली. विमानातून पांढरीशुभ्र चमकणारी प्रचंड जीवाश्मं दिसायची, त्यांच्यावरही नेम धरला. नेम नेहमी बसायचाच असं नाही. पार्कलगतच्या इंटीरियर गावात चर्चच्या छपरातून गोळा आत आला होता. युद्ध संपलं तरी जमीन लगेच परत मिळाली नाही. १९६८ मध्ये लष्कराने बरीचशी जमीन 'नको' ठरवली, तेव्हा त्यातला मोठा भाग कायद्याने पार्कला जोडला गेला. मालकी जमातीची, पण वापर आणि व्यवस्था पार्कच्या गरजेने. १९७६ मध्ये पार्क सेवा आणि ओग्लाला लाकोटा जमात यांच्यात करार झाला. त्यानुसार नॉर्थ युनिटच्या गेटवर गोळा होणाऱ्या प्रवेश शुल्कातला अर्धा वाटा जमातीला जातो. तुमच्या तिकिटातले अर्धे पैसे या जमिनीचे आहेत. गेटवर हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

२०१२ च्या आराखड्यात साउथ युनिट हे देशातलं पहिलं 'ट्रायबल नॅशनल पार्क' व्हावं, जमातीनेच ते चालवावं, अशी शिफारस झाली. त्यासाठी काँग्रेसचा कायदा लागतो. जमातीतही सगळ्यांचं एकमत नव्हतं. ज्यांच्या आजोबांची जमीन गेली त्यांना 'पार्क' हाच शब्द नको होता. मला हे पटतं. आधी जमीन परत करा, मग तिच्यावर काय करायचं ते विचारा, ही मागणी अवास्तव कशी?

मग साउथ युनिटला जावं का? जावं, पण पाहुण्यासारखं. नॉर्थ युनिटची 'कुठेही चाला' ही मुभा इथे गृहीत धरू नका. जमिनीचे मालक वेगवेगळे आहेत, काही वाटा खाजगी जमिनीतून जातात, तिथे परवानगी घ्यावी लागते. व्हाइट रिव्हर व्हिजिटर सेंटर फक्त उन्हाळ्यात उघडं असतं. आधी फोन करून विचारा, तिथल्या माणसांशी बोला. स्ट्राँगहोल्ड टेबल हे पठार, जिथे १८९० मध्ये घोस्ट डान्ससाठी लोक जमले होते, ते याच भागात आहे, आणि ती आजही प्रार्थनेची जागा आहे. झाडाला किंवा खांबाला कापडाच्या रंगीत पुरचुंड्या बांधलेल्या दिसल्या तर हात लावू नका, फोटोही नको. आणि जमिनीत धातूचं काही अर्धवट रुतलेलं दिसलं तर तिथून मागे फिरा. न फुटलेला दारूगोळा अजून सापडतो. जागा लक्षात ठेवा, रेंजरना सांगा. हाडांचा नियम आणि बॉम्बचा नियम इथे सारखाच.

इतकं केल्यावर दोन दिवस असे बसतात. पहिल्या दिवशी सकाळी लवकर डोअर आणि नॉच, ऊन चढलं की बेन रायफल व्हिजिटर सेंटरमधली जीवाश्मांची प्रयोगशाळा (उन्हाळ्यात काम करणारे लोक काचेपलीकडे दिसतात, प्रश्न विचारता येतात), मग लूप रोड, बिग फूट पास, आणि संध्याकाळ सेज क्रीकला बायसनबरोबर. तिथला कॅम्प फुकट आहे, पण पाणी नाही, आणि रात्री बायसन तंबूंमधून फिरतात. झोप सावध असणाऱ्यांनी सीडर पासचा पैसे देऊन मिळणारा कॅम्प घ्यावा. रात्री मान वर करून आकाशगंगा बघा. दुसऱ्या दिवशी दक्षिणेला, व्हाइट रिव्हर, आणि पुढे पाइन रिजमध्ये वुंडेड नी. तिथे मोठं म्युझियम, मोठी पार्किंग असं काही मनात धरू नका. टेकाडावर सामूहिक कबर आहे, कुंपण आहे, एक दगडी स्तंभ आहे. २०२२ मध्ये ओग्लाला आणि शायेन रिव्हर या दोन जमातींनी त्या परिसरातली ४० एकर जमीन खाजगी मालकाकडून पैसे मोजून विकत घेतली.

पेट्रोल वॉलमध्ये पूर्ण भरून घ्या, पुढे पंप लांब-लांब आहेत. फोनला रेंज बऱ्याच ठिकाणी नसते, तेव्हा नकाशा आणि हा भाग, दोन्ही आधीच डाउनलोड करून ठेवा. भेटू पुढच्या भागात.